आरोग्यविचार : वारंवार लघवी, म्हातारपण कीं व्याधि?

आमच्या या सदरांत आजवर डोळे, दांत, गुडघे, पोट अशा कितीतरी विषयांवर लिहिणें झालें. आजचा विषय मात्र असा आहे कीं, तो घरोघरीं असूनहि चार माणसांत कधीं बोलला जात नाहीं. साठी उलटलेला गृहस्थ रात्रींतून चार चार वेळां उठतो, लग्नकार्यांत मांडवाच्या कडेची खुर्ची धरून बसतो, एस.टी.चा प्रवास असला म्हणजे सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीं. आणि कोणीं विचारलेंच तर "आतां वय झालें" एवढें बोलून विषय संपवितो. पत्नीला सर्व ठाऊक असतें, पण ती मुलांना सांगत नाहीं. मुलाला अंदाज असतो, पण वडिलांपाशीं ही गोष्ट काढावी कशी, म्हणून तोहि गप्प राहतो. मामंजींविषयीं असा शब्द उच्चारण्याची सुनेला तर सोयच नसते. या मौनामुळें केवढें नुकसान होतें, तें पाहण्याचे प्रसंग मजवर अनेकदां आले आहेत. त्यांपैकीं एक आधीं सांगतों.

एक निवृत्त संस्कृत शिक्षक होते. वय ७२. देवळांतील सायंकाळच्या कीर्तनाला पहिल्या रांगेंत बसण्याचा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. तो नेम हळूहळू मोडला. प्रथम ते दाराजवळ बसूं लागले, पुढें मधूनच उठून जाऊं लागले, आणि शेवटीं यावयाचेच बंद झाले. लघवी कमी व्हावी म्हणून त्यांनीं पाणी निम्म्यावर आणलें. कोणा स्नेह्याच्या सांगण्यावरून एक काढाहि कांहीं महिने घेतला. अखेर अन्न नकोसें झालें, मळमळ सुरू झाली आणि पहाटे अंथरूण ओलें होऊं लागलें, तेव्हां मुलगा त्यांना घेऊन आला. तक्रार एकच : "दर अर्ध्या तासाला लघवीला जातात." पोटावर हात ठेवतांच बेंबीपर्यंत ताणलेला मूत्राशयाचा गोळा हाताला लागला. नळी घालून लघवी काढली, ती सव्वा लिटरहून अधिक भरली. रक्त तपासलें, तों मूत्रपिंडांचें कामहि मंदावलेलें आढळलें. मुलगा बिचारा पुनःपुन्हां विचारीत होता, "इतक्या वेळां जाणाऱ्या माणसाची लघवी तुंबेल कशी?"

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर नीट समजलें तर आजच्या विषयाचें मर्म समजलें असें म्हणतां येईल. मूत्राशय ही एक स्नायूंची पिशवी आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या मूत्राशयांत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पिशवी भरत आली कीं मेंदूला सूचना जाते, आणि योग्य जागा मिळतांच पिशवी आकुंचन पावून आपला सर्व सांठा बाहेर टाकते. आतां बाहेरची वाट अरुंद झाली आहे अशी कल्पना करा. प्रारंभीं पिशवी अधिक जोर लावून काम निभावते. वर्षें लोटलीं कीं तिची शक्ति थकते, व प्रत्येक वेळीं कांहीं लघवी आंतच शिल्लक राहूं लागते. ४०० मिलिलिटरच्या पिशवींत ३०० मिलिलिटर शिल्लकच राहिली, तर नवी १०० जमतांच पुन्हां उठणें आलें! अशा माणसाला वारंवार जावें लागतें तें पिशवी रिकामी होते म्हणून नव्हे, तर ती रिकामी होत नाहीं म्हणून. पुढें काठोकाठ भरलेल्या हंड्यांतून पाणी सांडावें तशी लघवी झोपेंत नकळत गळूं लागते, आणि मागें तुंबलेला भार मूत्रपिंडांवर पडतो. हें सारें इतकें हळूहळू घडतें कीं पुष्कळदां वेदनाहि होत नाहींत.

अर्थात् रात्रीं उठणाऱ्या प्रत्येक वृद्धाचें कारण हेंच असतें असें नाहीं. मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, पायांवरील सूज, निद्रेंतील श्वासाचा अडथळा, मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, रक्तदाबाच्या गोळ्या, फार काय, रात्रींच्या जेवणानंतरचा चहा, या सर्वांचा परिणाम रोग्याच्या तोंडीं एकाच वाक्यांत येतो : "सारखें जावें लागतें." म्हणून "किती वेळां?" या प्रश्नापेक्षां "प्रत्येक वेळीं किती?" हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचें उत्तर काढण्यास महागडें यंत्र लागत नाहीं. मापाच्या खुणा असलेलें एक भांडें आणि एक वही पुरे.

नोंद ठेवण्याची रीत अशी. सलग ३ दिवस, दिवसां व रात्रीं, जेव्हां जेव्हां लघवी होईल तेव्हां ती मापाच्या भांड्यांत करावी, आणि वेळ व मिलिलिटर लिहून ठेवावे. पाणी, चहा, ताक, सार, जें जें पोटांत गेलें तेंहि वेळेसह लिहावें. झोपण्याची व उठण्याची वेळ नोंदवावी. रात्रींचा हिशेब करतांना अंथरुणास पाठ टेकण्यापूर्वींची लघवी दिवसाच्या खात्यावर धरावी, व सकाळीं उठल्यावरची पहिली लघवी रात्रींच्या खात्यावर धरावी. कारण ती रात्रभर जमलेली असते. घरच्यांना संकोच वाटूं नये म्हणून हें काम ज्याचें त्यानेंच करावें. जन्मभर जमाखर्च लिहिलेल्या आपल्या वडील मंडळींना तें मुळींच अवघड नाहीं. ही वही डॉक्टरांपुढें ठेवली म्हणजे निम्में निदान तेथेंच होतें. ती वाचतांना तीन निरनिराळीं चित्रें दिसूं शकतात.

पहिलें चित्र असें कीं प्रत्येक वेळची लघवी भरपूर आहे, आणि २४ तासांची बेरीजच मोठी, म्हणजे ३ लिटरच्या आसपास वा त्याहून अधिक आहे. येथें दोष मूत्राशयाचा नाहीं. शरीरांत पाणीच अधिक तयार होत आहे. प्रथम मधुमेह आठवावा. रक्तांतील साखर १०० मिलिलिटरमागें सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेली कीं मूत्रपिंडांना ती अडवून धरतां येत नाहीं. ती लघवींत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणूनच अशा रोग्यास तहानहि फार लागते. साखर ठीक असेल तर पिण्याचा हिशेब पाहावा. सकाळीं अनशा पोटीं तांब्या तांब्या पाणी पिण्याचें व्रत घेऊन मग वारंवार लघवीची तक्रार करणारे गृहस्थ कांहीं थोडे नाहींत! मूत्रपिंडांचे व रक्तांतील क्षारांचे विकारहि येथेंच शोधावे लागतात.

दुसऱ्या चित्रांत एकूण बेरीज बेताची असते, पण तिचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग रात्रींच्या खात्यावर पडतो. तरुणपणीं रात्रीं लघवी कमी तयार व्हावी अशी शरीराची योजना असते; उतारवयांत ती योजना ढिली पडते. शिवाय दिवसभर पाय खालीं सोडून बसल्यानें पायांत उतरलेलें पाणी आडवें होतांच रक्तांत परततें व मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें. संध्याकाळीं घोट्यावर बोट दाबून खळगा पडतो कीं काय, तें अवश्य पाहावें. पडत असेल तर हृदयाची व मूत्रपिंडांची तपासणी करवावी. रक्तदाबावरील अम्लोडिपीनसारख्या गोळीनेंहि अशी सूज येते हें ध्यानांत ठेवावें. मोठ्यानें घोरणाऱ्या व झोपेंत श्वास अडकणाऱ्या माणसालाहि रात्रीं लघवी अधिक होते, आणि घोरण्यावरील उपचारानें ती कमीहि होते. या चित्रांत उपाय पुष्कळदां साधे असतात : दुपारीं तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडणें, जेवणांतील मीठ कमी करणें, झोपण्यापूर्वीं दोन-तीन तास चहा व अधिक पाणी टाळणें, आणि लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळीं घ्यावी हें डॉक्टरांस विचारणें. रात्रींची लघवी थोपविणारें डेस्मोप्रेसिन नांवाचें औषध आहे खरें. परंतु वृद्धांच्या रक्तांतील सोडियम त्यानें धोकादायक रीतीनें उतरूं शकतें, म्हणून तें मनानें कधींच घेऊं नये.

तिसरें चित्र म्हणजे एकूण बेरीज बेताची, पण प्रत्येक वेळीं ५०, ८०, १०० मिलिलिटर अशी थोडी थोडी लघवी. येथें मात्र दोष मूत्राशयाचा किंवा त्याच्या वाटेचा असतो. जळजळ व ताप असेल तर संसर्ग; मधूनच धार तुटत असेल तर खडा; एकाएकीं घाईची लागून वाटेंतच कपडे ओले होत असतील तर अतिचंचल मूत्राशय; अर्धांगवायु अथवा कंपवात झालेला असेल तर मज्जातंतूंचा दोष; असे अनेक संभव आहेत. जुनाट मलावरोधानेंहि हा त्रास वाढतो. पण पुरुषांत, आणि तेंहि पन्नाशीनंतर, सर्वांत अधिक आढळणारें कारण प्रॉस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथीची वाढ हें होय.

ही ग्रंथि मूत्राशयाच्या तोंडाशीं असते, आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणीं ती अक्रोडाएवढी, सुमारें २० ग्रॅम वजनाची असते. पन्नाशीच्या दशकांतील सुमारें निम्म्या पुरुषांत, आणि ऐंशी उलटलेल्या बहुतेकांत तिची वाढ दिसून येते. मात्र वाढलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असें नाहीं. धार बारीक होणें, सुरू होण्यास वेळ लागणें, शेवटीं थेंब थेंब गळणें, झाल्यावरहि शिल्लक राहिल्यासारखें वाटणें, हीं त्या वाढीचीं लक्षणें होत. आपल्या पूर्वाचार्यांनाहि असा अडथळा परिचित होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाताष्ठीलेंत गुदमार्ग व मूत्राशय यांच्यामध्यें दगडासारखी घट्ट गांठ होऊन लघवी अडते, असें वर्णन आहे. तें वाचतांना आजच्या वैद्यास पुरःस्थ ग्रंथीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मात्र येथें एक इशारा देणें भाग आहे. लघवी साफ व्हावी म्हणून जे मूत्रल काढे घेतले जातात, ते वाट मोकळी असतांना निरुपद्रवी असतीलहि. पण वाटच अडलेली असतांना पाणी वाढविणें म्हणजे मोरी तुंबलेली असतांना नळ अधिक सोडण्यासारखें आहे. आधीं निदान, मग काढा, हा क्रम वैद्यकाच्या कोणत्याहि शाखेला मान्यच असेल.

"प्रॉस्टेट" हा शब्द उच्चारतांच लोकांच्या मनांत कर्करोगाची भीति उभी राहते, आणि त्या भीतीनें ते तपासणीच टाळतात. म्हणून स्पष्ट सांगतों : वयोमानानें होणारी ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि ती पुढें कर्करोगांत बदलतहि नाहीं. इंग्लंडचे मुख्य प्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांना १९६३ च्या ऑक्टोबरांत लघवीचा अडथळा झाला. दुखणें गंभीर असावें अशा समजुतीनें त्यांनीं आपल्या पदाचा राजीनामा दिला. गांठ साधी निघाली. शस्त्रक्रियेनंतर ते बरे झाले, आणि तब्बल २३ वर्षें जगून १९८६ सालीं ९२ व्या वर्षीं वारले! अर्थात् दोन्ही विकार एकाच माणसाला स्वतंत्रपणें होऊं शकतात. म्हणून डॉक्टर बोटानें ग्रंथि तपासतात आणि पी.एस.ए. नांवाची रक्ताची तपासणी करावी कीं नाहीं याचा विचार रोग्याशीं करतात. हा आंकडा साध्या वाढीनें व संसर्गानेंहि चढतो. म्हणून केवळ तो पाहून घाबरूं नये, आणि स्वतःच त्याचा अर्थहि लावूं नये. त्याच्याच जोडीला लघवीची तपासणी, रक्तांतील साखर व क्रिएटिनीन, आणि लघवी केल्यावर मूत्राशयांत किती शिल्लक राहते तें दाखविणारी सोनोग्राफी, एवढ्या गोष्टी बहुधा पुरेशा होतात. सोनोग्राफीला बाहीवरून इंजेक्शन नाहीं, वेदना नाहीं. तिची भीति बाळगण्याचें कारणच नाहीं.

उपचाराच्या तीन पायऱ्या आहेत. त्रास थोडा असेल व लघवी शिल्लक राहत नसेल, तर नुसती पथ्यें व ठराविक काळानें तपासणी एवढ्यावर भागतें. त्रास अधिक असेल तर टॅम्सुलोसिनसारखीं औषधें देतात. मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू त्यांनीं सैल पडतात, व थोड्याच दिवसांत धार सुधारते. मात्र ग्रंथि लहान होत नाहीं. या औषधानें उभें राहतांना चक्कर येऊं शकते. आणखी एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. तें घेणाऱ्यांच्या डोळ्याची बाहुली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत सैल पडून अडचण होते, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां मोतीबिंदू काढावयाचा असेल तर लघवीची ही गोळी चालू असल्याचें, किंवा पूर्वीं घेतली असल्याचें, नेत्रवैद्यांना आधींच सांगावें.

ग्रंथि मोठी असेल तर फिनास्टेराइड देतात. त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. वेस्ट इंडीजमधील डोमिनिकन प्रजासत्ताकांत कांहीं कुटुंबांतून एक जन्मजात दोष आढळला : पुरुषी रसाचें अधिक प्रभावी रूपांतर घडविणारें एक द्रव्य त्यांच्या शरीरांत कमी होतें. १९७४ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. त्या पुरुषांची पुरःस्थ ग्रंथि लहानच राहते असें दिसून आलें. मग तेंच द्रव्य औषधानें अडविलें तर वाढलेली ग्रंथि आटेल काय, असा विचार पुढें आला, आणि १९९२ सालीं अमेरिकेंत या औषधास मान्यता मिळाली. त्यानें ग्रंथि सुमारें पांचव्या-चौथ्या हिश्श्यानें लहान होते. पण गुण येण्यास सहा महिने लागतात, म्हणून महिन्याभरांत कंटाळून तें सोडूं नये. कामेच्छा मंदावणें हा त्याचा उपद्रव कांहींना होतो. पी.एस.ए.चा आंकडा त्यामुळें जवळजवळ निम्मा होतो, हेंहि तपासणाऱ्यास सांगितलें पाहिजे.

तिसरी पायरी शस्त्रक्रियेची. लघवी पुनःपुन्हां तुंबणें, वारंवार संसर्ग वा रक्तस्राव होणें, मूत्राशयांत खडे होणें, मूत्रपिंडांवर ताण येणें, अशा वेळीं ती टाळूं नये. पोट न फाडतां, मूत्रमार्गांतूनच दुर्बिणीनें किंवा लेसर किरणांनीं आंतील वाढ काढून टाकतात. त्यानंतर वीर्य बाहेर न पडतां पुष्कळदां मूत्राशयांत जातें. तें अपायकारक नसतें, पण आधीं ठाऊक असावें. ग्रंथीचा बाहेरचा भाग मागें राहत असल्यामुळें पुढील तपासणी सोडूं नये.

आतां घरांत पाळावयाच्या गोष्टी. एकूण पाणी तोडूं नये. त्यानें लघवी दाट होऊन जळजळ, मलावरोध व संसर्ग यांना आमंत्रण मिळतें. दिवसां पुरेसें प्यावें, संध्याकाळनंतर हात आंखडावा. लघवी झाल्यावर थोडें थांबून पुन्हां एकदां प्रयत्न करावा. सर्दीपडशावरील गोळ्या विचारल्यावांचून घेऊं नयेत; त्यांतील कांहीं द्रव्यांनीं अडलेली लघवी एकाएकीं पूर्ण बंद पडते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे रात्रींचें पडणें टाळावें. अर्धवट झोपेंत अंधारांतून न्हाणीघराकडे जातांना पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें, तर मूळ विकारापेक्षां तें संकट कितीतरी मोठें ठरतें. वाटेंत मंद दिवा असावा, सरकणारें पायपुसणें उचलून ठेवावें, अंथरुणावर क्षणभर बसून मग उठावें, रात्रीं लघवीला बसूनच करावी. उशाशीं लघवीचें भांडें ठेवण्यांत कमीपणा कसला? सोंवळ्याची अडचण वाटत असेल तर भांडें वेगळें ठेवावें, पण ठेवावें. आजारी माणसाला शास्त्रानेंहि नेहमींच सवलत दिली आहे.

पुढील लक्षणें दिसल्यास मात्र नोंदवहीचे तीन दिवसहि थांबूं नये : लघवी अजिबात न होणें, लघवींतून रक्त जाणें, थंडी वाजून ताप येणें, नव्यानें अंथरूण ओलें होऊं लागणें, अथवा कंबर दुखून पायांतली शक्ति जाणें. रक्त एकदांच दिसून थांबलें तरी तें मूत्राशयांतील गांठीचें असूं शकतें. म्हणून तें विसरून जाऊं नये.

आमच्या त्या गुरुजींचें पुढें काय झालें, हें विचारण्याचा वाचकांस हक्क आहे. कांहीं दिवस नळी ठेवून मूत्रपिंडांना विश्रांति दिली, मग शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंडांची हानि पूर्णपणें भरून आली नाहीं. दोन वर्षें आधीं आले असते तर ती झालीच नसती, ही रुखरुख त्यांच्या मुलाला आजहि आहे. परंतु गुरुजी आतां कीर्तनाला पुन्हां पहिल्या रांगेंत बसतात आणि निरूपण संपेपर्यंत उठत नाहींत. ज्या घरांत वडील मंडळी रात्रीं पुनःपुन्हां उठतात, त्या घरांतील मुलांनीं हा लेख त्यांच्या हातीं द्यावा. तोंडानें विचारण्याचा संकोच वाटत असेल, तर एक कोरी वही आणि एक मापाचें भांडें सोबत ठेवावें. तेवढ्यानें प्रश्न विचारल्यासारखाच होईल.